नमुना क्रमांक सत्तावीस

शाळेच्या फाटकाला लागून झेरॉक्सचं एक दुकान होतं आणि त्या दुकानात बसणाऱ्या माणसाला सगळे कव्हरमास्तर म्हणायचे. मास्तर म्हणजे शिकवणारा नव्हे. आठवीनंतर तो स्वतः कधी शाळेच्या पायरीला शिवला नव्हता. पण मुलांच्या प्रोजेक्टचं पहिलं पान करावं तर त्यानेच, अशी त्याची ख्याती. आतली वीस पानं कुठून कुठून उतरवलेली असोत, मास्तरचं कव्हर चढलं की अहवाल कसा भरदार दिसायचा. पान उलटायच्या आधीच बाई खूश.

आणि त्याला त्याचा तोरा तरी केवढा! एखादी आई काउंटरवर येऊन म्हणायची, "मास्तर, चारी बाजूंनी फुलांची वेलबुट्टी टाका, नाव सोनेरी करा, आणि मागे एखादा धबधबा." की हा चष्मा कपाळावर चढवायचा.

"वहिनी, प्रोजेक्ट आहे की लग्नपत्रिका? ऐका माझं. वर शाळेचं नाव, बारीक अक्षरात. मधोमध विषय, असा की चार पावलांवरून वाचता आला पाहिजे. खाली मुलाचं नाव, इयत्ता, हजेरी क्रमांक. चित्र एकच. रंग तीन, चौथा आला की भांडणं सुरू. आणि जागा सोडा हो, जागा! पानालाही श्वास घ्यायचा असतो."

आई मान डोलवायची आणि शेवटी वेलबुट्टीच घेऊन जायची, ते सोडा. पण मास्तरचं म्हणणं चुकीचं नव्हतं. हे त्याने कुठे वाचलेलं नव्हतं, हाताने शिकलेलं होतं. कॉम्प्युटर यायच्या आधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. शिडीवर चढून, एका डोळ्याने माप घेत, एकेक अक्षर. आणि प्रत्येक पाटीच्या उजव्या कोपऱ्यात एक बोटभर ब्रश काढायचा. ती त्याची खूण. एकदा एका कापडवाल्याने तो ब्रश पुसून घेतला, तर हा पठ्ठ्या दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन हजर. ब्रश परत काढला आणि वर त्या कापडवाल्याशी भर रस्त्यात दोन तास भांडला. "अक्षर माझं, तर खूणही माझीच राहणार!" ही गोष्ट त्याने निदान हजार वेळा सांगितली असेल. बायको तर तो 'कापडवाला' म्हणाला की उठून आतच जायची.

मग छापील प्लास्टिकच्या पाट्या आल्या आणि ब्रश माळ्यावर गेला. मास्तरने कॉम्प्युटर घेतला, प्रिंटर घेतला. त्यात चित्रं तयारच मिळत; ती उचलायची, जुळवायची, छापायची. बारा वर्षांत त्याने स्वतःच्या हाताने एक रेघ म्हणून काढली नव्हती. ही गोष्ट मात्र तो कुणाला सांगत नसे.

काउंटरवर एक जाडजूड अल्बम असायचा. त्यात कव्हरचे सव्वीस नमुने, प्रत्येकाला नंबर. पालक यायचे, पानं चाळायचे आणि म्हणायचे, "मास्तर, बारा नंबर द्या." मास्तर त्यात फक्त नाव बदलायचा. पाच मिनिटांत काम फत्ते.

त्या वर्षी विज्ञानाच्या बाईंनी सातवीच्या अख्ख्या वर्गाला एकच विषय दिला होता: 'आपल्या घरातलं पाणी कुठे जातं?' कव्हर छापीलच हवं, अशी त्यांची अट, म्हणजे सगळं टापटीप दिसेल. आणि वर्गातले सर्वांत चांगले दहा अहवाल मोठ्या प्रदर्शनात जाणार होते. मग काय, दुकानात उभं राहायला जागा नाही.

त्या गर्दीत एके दुपारी समोरच्या शिंपीणबाईची मुलगी आली. शिंपीणबाईचं दुकान मास्तरच्या दुकानासमोरच. मधे रस्ता तेवढा. दिवसभर तिच्या मशीनचा आवाज मास्तरच्या कानावर असायचा. पोरगी अबोल, हडकुळी, बोटं कायम रंगलेली. तिने वहीतून एक कागद काढला आणि काउंटरवर दोन्ही हातांनी सपाट केला.

"मास्तरकाका, हे मी काढलंय. याचं कव्हर होईल?"

मास्तरने पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर ओढून परत पाहिलं. एक नळ. नळाच्या तोंडाशी लोंबणारा एकच भला मोठा थेंब. आणि त्या थेंबात, उलटं दिसणारं एक अख्खं घर: भांडी घासणारी बाई, अंघोळीची बादली, कपडे पिळणारा म्हातारा, कुंडीला पाणी घालणारं पोर. सगळी पाय वर करून! रंग तीनच. भोवती जागा मोकळी. पोरीला कुणी शिकवलं नव्हतं हे.

"तू काढलंस? खरंच?"

"हो."

"आणि हे कोपऱ्यात काय आहे? दोऱ्याचं रीळ?"

पोरगी लाजली. "ती माझी सही आहे. आई शिवते ना, म्हणून."

मास्तर इतका हसला की रांगेतले लोक वळून बघायला लागले. त्याने तिला ब्रशची गोष्ट सांगितली, कापडवाल्यासकट. तिने ती मनापासून ऐकली. असं ऐकणारं माणूस त्याला कित्येक वर्षांनी भेटलं होतं. चित्र स्कॅन करून त्याने वर विषय टाकला, खाली नाव टाकलं, आणि कव्हर छापून तिच्या हातात दिलं. आतली पानं तिची अजून लिहून व्हायची होती. "मूळ कागद राहू दे माझ्याकडे," मास्तर म्हणाला. "वहीत चुरगळेल. बाइंडिंगला येशील तेव्हा ने."

इथपर्यंत सगळं चांगलं होतं. इथेच थांबलं असतं तर सांगण्यासारखं काही उरलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक घाईतले वडील आले. अल्बम चाळला, नाक मुरडलं. "हेच सगळ्यांनी नेलंय हो. काहीतरी वेगळं दाखवा." आणि त्यांची नजर गेली ती सरळ कॉम्प्युटरवर. तिथे थेंब उघडाच होता. "हे! हे द्या की!"

मास्तरच्या ओठांवर आलं होतं, अहो ते एका मुलीचं आहे म्हणून. पण ते आत्ता ओठांवर होतं म्हणेपर्यंत गिळूनही झालं. वडील म्हणाले, "मास्तर, मानलं तुम्हाला. काय डोकं चालतं! हात अजून गेला नाही तुमचा." बारा वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. सुखावला मेला. एकच तर प्रत द्यायचीय, त्याने स्वतःला समजावलं, चित्र काय झिजतं थोडंच? फक्त ते रीळ होतं कोपऱ्यात. दुसऱ्या मुलाच्या कव्हरवर ते कसं ठेवणार? त्याने माउस धरला आणि पांढऱ्या रंगाने ते रीळ पुसून टाकलं. चार क्लिक. हात जराही थरथरला नाही त्याचा, हे लिहून ठेवा.

एकाचे दोन झाले, दोनाचे पाच. पहिल्याचं पाहून दुसरा आला, दुसऱ्याचं पाहून तिसरा. तिसऱ्या दिवशी मास्तरने ते कव्हर सरळ अल्बममध्ये लावलं, नमुना क्रमांक सत्तावीस. "हा नवीन वाटतं?" लोक विचारायचे. "नवीनच," मास्तर म्हणायचा. "तुम्ही काढलात?" यावर तो नुसता हसायचा. हो म्हणत नसे, हे त्याला फार मोठं इमान वाटायचं.

आठवड्याने पोरगी पानं घेऊन आली. रस्ता ओलांडताना ती दिसली मात्र, मास्तरने अल्बम उचलून काउंटरखाली सारला. आता सांगा, मनात पाप नव्हतं तर तो अल्बम का सारला? त्याचं त्यालाच कळत होतं सगळं. घाईघाईने भोकं पाडली, बाइंडिंगची तार ओवली, अहवाल हातात दिला.

"माझं चित्र, मास्तरकाका?"

"अगं, आत कुठेतरी ठेवलंय. उद्या ने. गर्दी बघतेस ना?"

गर्दी कसली? दोन माणसं होती.

पोरीने अहवाल दिला शेवटच्या दिवशी, वर्गात सगळ्यात शेवटी. बाईंच्या टेबलावर तोवर नळाच्या थेंबाची नऊ कव्हरं येऊन पडली होती. हे दहावं. आणि या दहाव्यावर कोपऱ्यात सही! पुढे काय झालं ते मास्तरला दुसऱ्या दिवशी कळलं, आणि कळलं ते खुद्द शिंपीणबाईच्या तोंडून.

मशीन बंद करून ती रस्ता ओलांडून आली. काउंटरवर अल्बम उघडा पडला होता, नेमका त्याच पानावर. तिने तो पाहिला आणि तिचा चेहरा पडला.

"म्हणजे बाईंचं खरं आहे तर," ती म्हणाली. "मास्तर, मी माफी मागायला आलेय."

"माफी? कसली माफी, वहिनी?"

"माझ्या पोरीने तुमचं चित्र स्वतःचं म्हणून सांगितलं वर्गात. वर कोपऱ्यात काहीतरी काढून ठेवलं सही म्हणून. बाईंनी अहवाल बाजूला काढला, वहीत शेरा दिला: दुकानातलं चित्र स्वतःचं असल्याचं खोटं सांगते. घरी आली तरी तेच. मी काढलंय, मी काढलंय! म्हणते मूळ कागद मास्तरकाकांकडे आहे. एवढं धडधडीत खोटं?" तिचा आवाज फाटला. "मी तिच्यावर कधी हात नाही उगारला हो. काल उगारला. दोन ठेवून दिल्या."

मूळ कागद मास्तरच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. ड्रॉवरमध्ये, वरच्या कप्प्यात. ड्रॉवर उघडायचा आणि तो समोर ठेवायचा, एवढंच काम होतं. मास्तरचा हात ड्रॉवरपर्यंत गेलाही. दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती, तिघं त्याला ओळखणारी, तिघं ऐकत असलेली.

"असू दे, वहिनी," मास्तर म्हणाला. "लहान आहे. होतं असं."

हे शब्द त्याच्याच तोंडून निघाले. वर शिंपीणबाई म्हणाली, "तुमचं मन मोठं आहे, मास्तर," आणि पदराने डोळे पुसत निघून गेली.

त्यानंतर मास्तरने गिऱ्हाइकांना काय दिलं, कुठला कागद कुठे छापला, काही धड आठवत नाही. एकाला पाच प्रतींऐवजी पंधरा दिल्या. समोरून मशीनचा आवाज पुन्हा सुरू झाला आणि मास्तरला तो ऐकवेना. पहिल्यांदाच त्याने दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं. चोरी केली ती केली, वर जिचं चोरलं तिलाच माफ करून मोकळा झाला! आणि मार कुणी खाल्ला? त्या हडकुळ्या पोरीने. मास्तरला स्वतःची इतकी किळस आली की दुकानातल्या भिंतीवरच्या आरशाकडे पाठ करून बसला.

बायको जेवायला बोलवायला आली तेव्हा ड्रॉवर उघडा आणि कागद त्याच्या मांडीवर. तिने कागद बघितला, अल्बम बघितला, नवऱ्याचं तोंड बघितलं. बाई हुशार, फारसं सांगावं लागलं नाही.

"रीळ कुठे गेलं यातलं?" तिने अल्बमवर बोट ठेवून विचारलं.

"पुसलं मी."

ती काउंटरला टेकून उभी राहिली. "आजवर हजार वेळा ऐकवलंत मला, त्या कापडवाल्याने ब्रश पुसला म्हणून. हजार वेळा!" एवढं बोलून ती आत गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आत मास्तर फाटकातून आत गेला. हातात तो कागद आणि काखेत अल्बम. इतकी वर्षं शाळेच्या फाटकाशी बसून आत पाऊल टाकायची ही पहिलीच वेळ. विज्ञानाच्या बाई शिक्षकांच्या खोलीत हजेरीपट मांडत होत्या.

"अरे, मास्तर! या की. यंदा कव्हरं काय झकास झालीत तुमची!"

मास्तरने कागद त्यांच्यापुढे ठेवला. पेन्सिलच्या खुणा, खोडरबरचे डाग, रंग जरा बाहेर गेलेला, कोपऱ्यात रीळ. "बाई, हे चित्र त्या शिंपीणबाईच्या मुलीचं आहे. तिनेच काढलं. मी ते न विचारता नऊ जणांना विकलं. ही खूण मीच पुसली." आणि एकदा बोलायला लागल्यावर अल्बम लपवल्याचं, 'असू दे वहिनी' म्हटल्याचं, सगळं ओकून टाकलं.

बाईंनी कागद जवळ ओढून त्या रिळावर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाल्या, "मी तिला वर्गात उभं केलं होतं, मास्तर. अख्खा तास."

"तिचा अहवाल प्रदर्शनाला..."

"यादी काल गेली. दहा अहवाल गेलेसुद्धा. अकरावा घेत नाहीत ते, मी विचारते तरी." त्यांनी हजेरीपट मिटला. "त्या दहामध्ये दोन तुमच्या या कव्हरचे आहेत."

जमिनीने पोटात घेतलं असतं तर मास्तर आनंदाने गेला असता. तिचं चित्र प्रदर्शनात जाऊन बसलं होतं, एकदा नाही दोनदा, आणि तिचं नाव कुठेच नव्हतं. का? तर याने ते चार क्लिकमध्ये पुसलं म्हणून.

"मला वर्गात सांगू द्या," तो म्हणाला.

सातवीचा वर्ग उभा राहिला, बसला. मास्तर फळ्यापाशी उभा. पोरगी तिसऱ्या बाकावर होती. एक गाल अजून किंचित सुजलेला होता, की त्याला तसं वाटलं, देव जाणे. तिने मान वर केली नाही. मास्तरने कागद उंच धरला. सगळं सांगितलं. हिने काढलं, मी चोरलं, हिचं एक अक्षर खोटं नव्हतं.

मग पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. त्याच्याकडे सत्तावीस नंबरचं कव्हर होतं. चेहऱ्यावर काही कुत्सितपणा नव्हता, बिचाऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तुम्हाला चित्र काढता येत नाही, मास्तर?"

"यायचं," मास्तर म्हणाला.

तो बाकांमधून चालत गेला आणि कागद पोरीपुढे ठेवला. "माझं चुकलं, बाळा. फार चुकलं." तिने आधी उजवा कोपरा पाहिला. रीळ जागेवर होतं. मग तिने कागद वहीत घातला, वही दप्तरात घातली आणि दप्तराचा पट्टा लावला.

शाळेतून बाहेर पडून रस्ता ओलांडायचा होता, आणि ती दहा पावलं वर्गापेक्षा अवघड होती. शिंपीणबाई कुणाची तरी बाही जोडत होती. मास्तरने उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. ती मशीन चालवतच ऐकत होती. मग पाय थांबला.

"ती म्हणत होती, कागद तुमच्याकडे आहे," ती म्हणाली.

"ड्रॉवरमध्ये होता. तुम्ही आलात तेव्हाही."

"आणि तुम्ही म्हणालात, असू दे."

"हो."

"मी पोटच्या पोरीवर विश्वास नाही ठेवला, मास्तर. तुमच्यावर ठेवला." तिने बाही उचलली, दोरा दाताने तोडला. "जा आता. मला काम आहे."

शिव्या दिल्या असत्या तर मास्तरने कान पुढे केले असते. पण तिने आयुष्यात पुन्हा कधी त्याचं नाव काढलं नाही. चांगलं नाही, वाईट नाही. समोरासमोर बसून दिवस काढायचे आणि एकमेकांकडे बघायचं नाही, हे काय असतं ते मास्तरला विचारा.

बाईंनी अकरावा अहवाल पाठवायचा प्रयत्न केला, तो परत आला. वहीतला शेरा त्यांनी खोडला आणि खाली सही केली. आणि पुढच्या सत्रापासून नियम बदलला: कव्हर ज्याचं त्याने हाताने काढायचं, छापील चालणार नाही. मास्तरकडची गर्दी ओसरली. त्याची त्याने तक्रार केली नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

अल्बममधलं सत्ताविसावं पान त्याने काढून टाकलं, पण कप्पा तसाच ठेवला, रिकामा. एक दिवस दुसऱ्या शाळेतली कुणी आई अल्बम चाळत होती. सव्वीसनंतर रिकामा कप्पा लागला.

"यात ते थेंबाचं चित्र होतं ना हो? माझ्या बहिणीने नेलं होतं. फार सुंदर होतं. ते द्या."

"ते नाही माझ्याकडे," मास्तर म्हणाला.

"पण तुम्हीच काढलं होतं ना?"

"नाही. ते समोरच्या शिंपीणबाईच्या मुलीचं होतं. मी चोरलं होतं." हे तो मोठ्याने म्हणाला, मुद्दाम, रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या आवाजात. ती आई चपापली आणि अल्बम मिटून निघून गेली.

मास्तरने समोर पाहिलं. शिंपीणबाईच्या मशीनपाशी पोरगी उभी होती. नवीन अहवाल तयार होत होता. बाइंडिंगला तार नव्हती, भोकं नव्हती. आई जाड सुई लावून पानांची कड मशीनवर शिवत होती आणि पोरगी दुसऱ्या टोकाने पानं सरळ धरून उभी होती. टीप पूर्ण झाली. आईने दोरा तोडला, अहवाल पोरीच्या हातात दिला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पोरीने तो उजेडात धरून पाहिला. कव्हरवर काहीतरी निळं होतं, काहीतरी पिवळं, आणि भोवती भरपूर मोकळी जागा. इतक्या लांबून एवढंच दिसत होतं. मास्तर नकळत खुर्चीतून अर्धा उठला, मान लांब करून बघायला.

पोरीचं लक्ष गेलं. तिने मास्तरकडे पाहिलं, रागाने नाही, नुसतं पाहिलं. मग अहवाल उलटा केला, चित्राची बाजू छातीशी घट्ट धरली, आणि रस्ता ओलांडून शाळेच्या फाटकातून आत जाईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.